ओएलटी नंतर घ्या, आधी काच नीट टाका

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: उसाच्या पट्ट्यातलं 1500 उंबऱ्यांचं गाव, शिवाय शेतातल्या वस्त्या. केबल टीव्हीचा जुना धंदा, पण ग्राहक दर महिन्याला गळताहेत. घरोघर इंटरनेट द्यायचं ठरलंय. चिरंजीवांचं म्हणणं, चौकाचौकात फायबर आणू, खांबावर डब्यात नेटवर्क स्विच (अनेक घरांना जोडणी वाटणारं यंत्र) ठेवू आणि पुढे लॅन केबलने घरं जोडू, स्वस्तात काम होईल. तुम्हाला मात्र फायबर थेट घरात न्यायचंय. आणि शेवटी विचारलंय, ओएलटी, म्हणजे आपल्या खोलीतून घरोघर फायबरवर नेट सोडणारं मुख्य यंत्र, कोणत्या कंपनीचा घ्यावा?

या धंद्यात बहुतेक जण ओएलटीपासूनच सुरुवात करतात. विक्रेता येतो, पोर्ट मोजून दाखवतो, दर सांगतो, आणि यंत्र घरी आल्यावर केबल कुठून न्यायची याचा विचार सुरू होतो. माझं मत उलट आहे. दोन टोकांची यंत्रं सात-आठ वर्षांत बदलावीच लागतील. मधली काच, म्हणजे फायबर केबल, नीट टाकली तर पंचवीस वर्षं हलणार नाही. आज त्या काचेवर जीपॉन (एका धाग्यावर अनेक घरांना नेट देणारी पद्धत) चालेल, उद्या त्याच काचेवर एक्सजीएस-पॉन म्हणजे दोन्ही बाजूंनी 10 गिगाबिट चालेल, कारण दोन्हींच्या प्रकाशाच्या तरंगलांबी वेगळ्या आहेत आणि ते एका धाग्यात एकत्र नांदू शकतात. म्हणून घासाघीस यंत्रांवर करा, काचेवर नको.

आता चिरंजीवांच्या योजनेबद्दल. शहरातल्या इमारतीत ती चालून जाते, कारण स्विच जिन्याखाली असतो, वीज सोसायटीची असते आणि लॅन केबलची 100 मीटरची मर्यादा आड येत नाही. गावात खांबावरच्या डब्यात स्विच ठेवला की त्याला वीज हवी, बॅटरी हवी, मे महिन्यात डब्यात भट्टी होते ती सोसायला हवी. लोडशेडिंग लागलं की त्या स्विचमागची सगळी घरं एकदम बंद. आणि वळवाच्या पावसात वीज कडाडली की तांब्याच्या तारेतून झटका घराघरात शिरतो. स्विचचे पोर्ट आणि ग्राहकांचे राऊटर एका रात्रीत किती जळतात, हे ज्याने एकदा पाहिलंय तो पुन्हा उघड्यावर तांबं लटकवत नाही. फायबर घरापर्यंत नेलं तर तुमच्या खोलीतला ओएलटी आणि ग्राहकाच्या घरातला ओएनयू (प्रकाश घेऊन नेट देणारा डबा) यांच्यामध्ये विजेवर चालणारी एकही वस्तू नसते. घरातल्या 12 व्होल्टच्या ओएनयूला एक छोटा मिनी यूपीएस लावला की लाईट गेली तरी नेट चालू राहतं, आणि गावात जाहिरातीचं काम तेवढ्यानेच होतं.

जीपॉनमध्ये ओएलटीच्या एका पोर्टमधून एक धागा निघतो, वाटेत स्प्लिटर त्याचे 8, 32 किंवा 64 फाटे करतो. उतरता (ग्राहकाकडे येणारा) डेटा 1490 नॅनोमीटर तरंगलांबीवर, चढता (ग्राहकाकडून जाणारा) 1310 वर, दोन्ही एकाच धाग्यातून. पोर्टची क्षमता उतरत्या बाजूला सुमारे 2.5 गिगाबिट, चढत्या बाजूला सुमारे 1.25. उतरता प्रकाश सगळ्या घरांत सारखाच पोचतो. तो कूटबद्ध असतो, त्यामुळे प्रत्येक ओएनयू आपलाच डेटा उघडू शकतो. चढताना मात्र प्रत्येक ओएनयूला ओएलटी आपापली वेळ वाटून देतो आणि त्या वेळेपुरताच त्याचा लेझर लागतो. हे लक्षात ठेवा, पुढे एका त्रासदायक बिघाडाशी त्याचा संबंध आहे.

आधी कागद घेऊन प्रकाशाचा हिशेब मांडा. डीबी हे प्रकाशाच्या घटीचं माप, डीबीएम हे प्रकाशाच्या ताकदीचं; तीन डीबी घटले की प्रकाश निम्मा होतो, एवढं समजलं तरी पुरे. बी प्लस वर्गाचा (हा प्रकाशाच्या ताकदीनुसार ठरलेला वर्ग) ओएलटी दीड ते पाच डीबीएम प्रकाश सोडतो; आपण 3 धरू. सगळ्यात लांबचं घर 4 किलोमीटरवर. किलोमीटरला 0.35 धरून फायबरचे 1.4 डीबी गेले. 1:8 चा स्प्लिटर साधारण 10.5 डीबी खातो, असे दोन लावले की 21. वाटेत आठ स्प्लाईस (टोकं वितळवून केलेले धाग्याचे जोड), प्रत्येकी 0.1 धरून 0.8. चार कनेक्टर, प्रत्येकी 0.4 म्हणजे 1.6. एकूण 24.8. घरात पोचला मायनस 21.8 डीबीएम. बी प्लसचा ओएनयू मायनस 27 पर्यंत ओळखतो, म्हणजे हाताशी पाचेक डीबी उरले. ही शिल्लक खर्चायला नाही. केबल तुटेल, जोडाला जोड लागतील, चार वर्षांनी कुणी पुढच्या गल्लीत फाटा मागेल, त्यासाठी ती आहे. माझा नियम असा की नवं कनेक्शन मायनस 24 च्या खाली सोडायचं नाही. मायनस 26 वर नेट चालतं, ग्राहक सही करतो, पोरगं दुचाकीवर बसून निघून येतं. आणि पहिल्या उन्हाळ्यात तक्रारी सुरू होतात.

यात स्प्लिटर सगळ्यात जास्त प्रकाश खातात, म्हणून ते कुठे बसवायचे हे डोकं शांत ठेवून ठरवा. गावठाणात घरं दाटीवाटीची असतात. तिथे चौकात 1:8, आणि त्याच्या प्रत्येक पायाला, म्हणजे फाट्याला, गल्लीच्या तोंडाशी आणखी एक 1:8, अशी दोन टप्प्यांची रचना बसते. पोर्टवर 64 घरं होतात, पण भरायची 40–45 पर्यंतच. उरलेले पाय नव्या ग्राहकांना आणि खराब झालेल्या पायांच्या बदलीला. वस्त्यांचं गणित वेगळं. ओढ्याच्या किंवा कॅनॉलच्या कडेने एका रेषेत चार घरं इथे, सहा तिथे. तिथे सारखे फाटे करणारा स्प्लिटर लावला तर प्रत्येक वस्तीला ओएलटीपासून वेगळा धागा न्यावा लागेल. त्याऐवजी 10:90, 20:80 असे कपलर लावतात: दहा टक्क्यांचा पाय या वस्तीला, नव्वद टक्के प्रकाश पुढे. नव्वदच्या पायाला जेमतेम अर्धा-पाऊण डीबी जातो, दहाच्या पायाला दहाच्या वर. केबल टीव्हीवाल्यांना हे कपलर पाठ असतात, तुम्हालाही असतील. फक्त टीव्हीच्या सवयीने साखळी लांबवत नेऊ नका. प्रत्येक वस्तीचा हिशेब स्वतंत्र मांडा आणि लिहून ठेवा.

टीव्हीचा विषय निघालाच आहे तर, तोही याच धाग्यातून 1550 नॅनोमीटरवर नेता येतो. पण टीव्हीच्या रिसिव्हरला डेटापेक्षा कितीतरी जास्त प्रकाश लागतो, म्हणून 64 फाट्यांच्या रचनेत तो शेवटच्या घरांत अपुरा पडतो आणि मोठा ॲम्प्लिफायर लावावा लागतो. टीव्ही न्यायचा की नाही हे आजच ठरवा, स्प्लिटर बसल्यावर नाही. आणि त्या ॲम्प्लिफायरचा प्रकाश डोळ्याला दिसत नाही पण डोळा जाळू शकतो. पोरांना पहिल्या दिवशी सांगा: कनेक्टरच्या तोंडात डोकवायचं नाही, कधीच.

आता केबल वरून न्यायची की खालून. पुस्तकात उत्तर सोपं आहे: खालून. सरकारी कामात फायबरसाठी 165 सेंटिमीटर खोल चर धरतात. दख्खनच्या पठारावर कुदळ मारून बघा. कित्येक ठिकाणी हातभर मुरूम संपला की काळा पाषाण लागतो. खोदाईचा खर्च केबलच्या कित्येक पट होतो. म्हणून गावाच्या ऑपरेटरला मुख्य धमनीपुरतं खालून आणि बाकी वरून, असाच मध्यम मार्ग घ्यावा लागतो. खालून टाकाल तिथे एचडीपीई (जाड प्लास्टिकच्या) पाईपमधूनच टाका आणि एक मोकळा पाईप शेजारी सोडून द्या. नळपाणी योजनेचं किंवा रस्ता रुंदीकरणाचं काम निघालं की जेसीबीवाला आपल्याला विचारत नाही. यासाठी केंद्र सरकारने मार्च 2023 मध्ये ‘कॉल बिफोर यू डिग’ नावाचं ॲप काढलंय, त्यात आपल्या मार्गाची नोंद असलेली बरी. पण खरा उपयोग होतो तो ग्रामपंचायतीचा शिपाई, पाणीपुरवठ्याचा माणूस आणि गावातले दोन-तीन जेसीबी मालक यांच्याशी असलेल्या ओळखीचा.

वरून नेताना उसाचा हंगाम डोळ्यासमोर ठेवा. डबल ट्रॉलीवर रचलेला ऊस किती उंच जातो ते तुम्हाला सांगायला नको. रस्ता ओलांडणारी प्रत्येक केबल त्याच्या वर राहिली पाहिजे, आणि केबल मे महिन्याच्या उन्हात सैल होऊन झोळ खाली येतो हेही धरा. जमत नसेल तर निदान रस्ता ओलांडण्यापुरतं खालून जा. तोडणीनंतर फडात पाचट पेटवतात. बांधावरून गेलेली केबल त्या धगीत वितळते. शेतातून जायचं असेल तर बांधाऐवजी पाणंद रस्ता धरा, दोनशे मीटर जास्त लागले तरी चालतील. काळ्या मातीत पुरलेले खांब पावसाळ्यात झुकतात, म्हणून ताणतारा किंवा पायाला काँक्रीट. महावितरणच्या खांबाला परवानगीशिवाय केबल बांधू नका. कायद्याचं सोडा, आपलं पोरगं शिडी लावून तिथे चढणार आहे.

परवानगीची वाट दूरसंचार कायदा 2023 आणि त्याखालचे 2024 चे मार्गाधिकार नियम यांतून जाते. हे नियम 1 जानेवारी 2025 पासून लागू आहेत. ग्रामपंचायतीचा रस्ता, जिल्हा परिषदेचा, सार्वजनिक बांधकामचा, राष्ट्रीय महामार्ग, प्रत्येकाचा मालक वेगळा. नकाशावर आधी रस्त्यांचे मालक रंगवा. कधीकधी अर्धा किलोमीटर वळसा घातला की महामार्ग ओलांडण्याची अख्खी फाईल वाचते. सेवा देण्याचा परवाना ही आणखी वेगळी गोष्ट. स्वतःचं इंटरनेट परवानापत्र घ्या किंवा परवानाधारक कंपनीची फ्रँचायझी. तुमच्या आकाराला सुरुवातीला फ्रँचायझी सोपी, पण करार करताना एक ओळ नीट वाचा: काच कुणाच्या मालकीची? ती तुमच्याच नावावर राहिली पाहिजे. कंपनी उद्या बदलता येते.

केबलमध्ये कंजूषी नको. आज 12 धागे पुरतात म्हणून 12 चीच घेतली असं करू नका. 24 धाग्यांची केबल थोडीच महाग पडते, खांब, मजुरी आणि परवानगी तेवढीच. वरून नेण्यासाठी एडीएसएस म्हणजे धातू नसलेली केबल घ्या; पोलादी तार असलेली स्वस्त पडते, पण वीज तिच्यावरून धावते. प्रत्येक जोडापाशी दहा-पंधरा मीटर केबल गुंडाळून ठेवा, म्हणजे जॉइंट क्लोजर (जोड ठेवायचा बंद डबा) खाली उतरवून टेबलावर काम करता येईल. धाग्यांच्या रंगांचा क्रम ठरलेला आहे: निळा, नारिंगी, हिरवा, तपकिरी, राखाडी, पांढरा, लाल, काळा, पिवळा, जांभळा, गुलाबी, फिकट निळा. कोणत्या जोडात कोणता रंग कोणाला जोडला याची वही ठेवा. मोबाईलमधले फोटो चालतील, पण वही हवीच. आपल्याकडे अख्ख्या गावाचं जाळं एका पोराच्या डोक्यात असतं आणि ते पोरगं दिवाळीनंतर दुसरीकडे जास्त पगारावर जातं. मग रात्री अकरा वाजता क्लोजर उघडून एकेक धागा तपासत बसायचं.

स्प्लायसिंग मशीन चांगलं घ्या, पण त्याहून क्लीव्हरची, म्हणजे धागा कापणाऱ्या हत्याराची, काळजी घ्या. टोक सरळ कापलं गेलं नाही तर महागडं मशीनही जोड बिघडवतं. घरात शेवटचा जोड करताना पोरं फास्ट कनेक्टर वापरतात, कारण दोन मिनिटांत काम होतं. माझा त्याला विरोध आहे. आत टोकाला टोक नुसतं टेकवलेलं असतं, मध्ये जेल असते. ती उन्हाने सुकते, केबल ओढली गेली की टोक सरकतं, आणि महिन्याने ग्राहकाकडे लाल लाईट लागते. पिगटेल (एका टोकाला तयार कनेक्टर असलेला फायबरचा तुकडा) स्प्लाईस करून छोट्या डब्यात बसवायला वीस मिनिटं लागतात, फेरी मात्र वाचते. हिरवा आणि निळा कनेक्टर एकमेकांत घालू नका. हिरव्याचं टोक आठ अंशांनी तिरकं घासलेलं असतं, निळ्याचं सरळ. दोन्ही बसतात, प्रकाशही जातो, पण बराच वाया जातो आणि उलटा परततो. जोडण्याआधी प्रत्येक वेळी टोक पुसा, नवीन पाकिटातलं असलं तरी. फायबरचा गाभा 9 मायक्रॉनचा आहे, धुळीचा एक कण त्याला झाकतो. कापलेले तुकडे डबीत गोळा करा. चटईवर पडलेली ती काच रांगत्या लेकराच्या हातात जाते.

घरात फिरवायची ड्रॉप केबल (खांबावरून घरात येणारी शेवटची केबल) जी.657 ए2 प्रकारची घ्या, ती साडेसात मिलिमीटर त्रिज्येच्या वळणापर्यंत सोसते. साध्या जी.652 ला दाराच्या चौकटीत वळवलं की प्रकाश बाहेर सांडतो. दोष वळणाचा की खराब जोडाचा, हे ओटीडीआरवर (धाग्यात दोष किती अंतरावर आहे ते दाखवणारं यंत्र) ओळखायची सोपी युक्ती आहे: तोच धागा 1310 आणि 1550 या दोन्हींवर मोजा. 1550 वर नुकसान ठळकपणे जास्त दिसलं तर केबल कुठेतरी मुरगळलीय. दोन्हींवर जवळपास सारखं दिसलं तर जोड तपासा. ओटीडीआर परवडत नसेल तर सुरुवातीला भाड्याने आणा. प्रकाश मोजायचा पॉवर मीटर आणि लाल प्रकाशाचा पेन मात्र प्रत्येक पोराच्या बॅगेत हवा.

आता तो त्रासदायक बिघाड. कधीतरी एका पोर्टवरची सगळी घरं एकदम बंद-चालू होऊ लागतील. केबल शाबूत, प्रत्येक घरात प्रकाश उत्तम. अशा वेळी एखाद्या ओएनयूचा लेझर आपली पाळी सोडून सतत लागून राहिलेला असतो आणि बाकी सगळ्यांचं बोलणं दाबतो. ओएलटीला कधी तो कळतो, कधी नाही. चौकातल्या स्प्लिटरचा एकेक पाय काढत जा. ज्या पायाने पोर्ट शांत होईल त्या गल्लीत जा, तिथेही तसंच करा, आणि तो ओएनयू उचलून आणा. स्प्लिटर कनेक्टरचा असेल तर हे काम अर्ध्या तासाचं. थेट स्प्लाईस केलेला असेल तर संध्याकाळ गेली. म्हणून चौकातला पहिला स्प्लिटर तरी कनेक्टरचाच ठेवा, थोडा प्रकाश गेला तरी हरकत नाही.

ग्राहकाच्या तक्रारींपैकी मोठा भाग फायबरचा नसतोच, वायफायचा असतो. जुन्या घरांच्या दीड-दोन हात जाड दगडी भिंती, वर स्लॅब, आणि ओएनयू ठेवलेला माळ्यावर फ्रिजच्या खोक्यामागे. कनेक्शन देतानाच जागा तुम्ही ठरवा, घराच्या मध्यावर, उघड्यावर. तक्रार आली की आधी लॅपटॉपला केबल लावून वेग मोजा. आणि स्वस्त ओएनयू घेताना त्याचा पोर्ट बघा: 100 मेगाबिटचा पोर्ट आणि फक्त 2.4 गिगाहर्ट्झचं वायफाय असलेल्या डब्यावर 200 चा प्लॅन विकायचा म्हणजे भांडण विकत घेणं.

दुकानं आणि संस्था यांचा विचार घरांपेक्षा वेगळा करा. पतसंस्था, दवाखाना, दूध संकलन केंद्र, सराफ, आपले सरकार सेवा केंद्र. यांना वेगापेक्षा बंद न पडणं महत्त्वाचं, आणि कॅमेऱ्यांमुळे चढता वेगही लागतो. त्यांच्यासाठी वेगळा पोर्ट ठेवा, त्यावर 1:8 किंवा 1:16 च्या पुढे जाऊ नका. सराफाला दुकानातले कॅमेरे बाहेरून बघायचे असतात. एकच सार्वजनिक आयपी (इंटरनेटवरचा) पत्ता अनेक ग्राहकांत वाटला की ते नीट जमत नाही; त्यांना स्वतःचा स्थिर आयपी द्या आणि त्याचे पैसे घ्या. एखाद्या बँकेने दोन वाटांची मागणी केली तर दुसरी केबल खरोखर दुसऱ्या रस्त्याने न्या. एकाच खांबावरच्या दोन केबल एकाच ट्रॉलीने तुटतात.

विखुरलेल्या, सात-आठ किलोमीटरवरच्या एकट्या घरांच्या मागे लागू नका. तिथे मोठ्या कंपन्यांचं 5जीवरचं घरगुती इंटरनेट तुमच्यापेक्षा स्वस्तात पोचेल, आणि ते ग्राहक त्यांना जाऊ द्यावेत.

आता तुमचा ओएलटीचा प्रश्न. ईपॉन, म्हणजे जीपॉनसारखीच दुसरी पद्धत, स्वस्त मिळेल, तरी जीपॉन घ्या: पोर्टमागे दुप्पट उतरता वेग आणि जास्त फाटे. 1500 पैकी 600 घरं आली तरी 16 पोर्टचा एकच ओएलटी पुरतो. कंपनीचं नाव विचारण्याआधी विक्रेत्याला हे विचारा: बिघडला तर बदली यंत्र किती तासांत आणि कुठून येईल, दुसऱ्या कंपनीचे ओएनयू चालतात का, वीजपुरवठ्याचे दोन मॉड्यूल आहेत का. एसएफपी (पोर्टमध्ये बसणारा प्रकाश सोडणारा मॉड्यूल) आणि एक वीजपुरवठा मॉड्यूल कपाटात जादा ठेवा. आणि लक्षात घ्या, संध्याकाळी आठ ते अकरा नेट मंदावलं तर पॉनचा पोर्ट भरलेला असण्याची शक्यता कमी. वरून घेतलेली बँडविड्थ संपलेली असते. जो वरची लाईन देणार आहे त्याच्याकडे व्हिडिओ सेवांचे कॅशे (लोकप्रिय व्हिडिओ जवळच साठवणारे सर्व्हर) आहेत का, त्याची केबल तुमच्या गावात कोणत्या रस्त्याने येते, आणि ती तुटली तर दुसरी वाट आहे का, हे करारात लिहून घ्या.

सुरुवात बाजारपेठेच्या एका पोर्टने करा. त्या भागाचा हाताने काढलेला नकाशा, घरांची संख्या, सगळ्यात लांबच्या घराचं अंतर आणि रस्त्यांचे मालक एवढं इथे टाका, स्प्लिटर कुठे बसवायचे ते मी खुणा करून देतो. तोवर ओएलटीचा इसार देऊ नका.